तंबाखूची डबी, निकोटिनचं च्युइंगम आणि कळवणची गाडी

एसटीत कंडक्टर आहे, नाशिकला. नोकरी लागून एकोणीस वर्षं झाली आणि तंबाखू लागून बावीस. गेल्या सात महिन्यांत मी तंबाखू लावलेली नाही. एक दिवस सोडून. त्या दिवसाचं पुढे सांगतो.

सोडताना निकोटिनच्या च्युइंगमचा आधार घेतला. घेण्याआधी मराठीत कोणी धड लिहिलंय का म्हणून बरंच शोधलं. एक तर ‘तंबाखू सोडा, आयुष्य जोडा’ छापाचं सापडायचं, नाहीतर डॉक्टरी भाषेतलं. वापरणाऱ्यानं लिहिलेलं काही नाही, म्हणून हा खटाटोप. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी तीन कंपन्यांचं वापरलं, फरक चवीचा आणि वेष्टनाचा.

आधी तंबाखूचं बोललं पाहिजे, नाहीतर गमचं कळणार नाही.

आमची आई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा भुरका, बाजूला भिजवून कापलेली पानं. हिशोब हजारावर. घरात कायम तो वास, आणि आम्हा पोरांना तो वास म्हणजेच घर. ती स्वतः मिश्री लावायची. विडी मात्र कधी ओढली नाही, आणि मला विडी ओढताना पाहिलं असतं तर उलथनं गरम केलं असतं. तंबाखूला तिची ना नव्हती. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा मी स्टँडवर ऐटीत सांगायचो, आपल्याला काय फरक पडतो, आपली शुद्ध पानाची तंबाखू, त्यात केमिकल नाही. हे मी खरंच बोललोय. सात-आठ लोकांनी मान डोलावलीही.

ज्यांनी कधी मळली नाही त्यांच्यासाठी: डबी दोन तोंडांची असते. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओला चुना. डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायची, काड्या निवडून टाकायच्या, नखावर चुना काढून वर टेकवायचा आणि अंगठ्यानं मळत बसायचं. मळताना बोलायचं, कारण तेव्हा बोलणं फार चांगलं सुचतं. मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी दोन थापा. भुकटी उडते, शेजारचा शिंकतो, शिवी देतो, आणि शिवी देणाऱ्याला त्यातली अर्धी चिमूट द्यावी लागते. उरलेला बार खालच्या ओठाआड.

माझ्या गाडीवर नाना ड्रायव्हर. म्हसरूळ मागे पडलं की तिकिटं आटोपायची, मी पुढे जाऊन बसायचो आणि दोघांची मळायचो. नानांचे हात स्टिअरिंगवर, त्यामुळे त्यांची चिमूट मी हात लांब करून द्यायची आणि त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता घ्यायची. आठ वर्षं हे चाललं. आमच्यात पैशाचा व्यवहार नाही, कुटुंबांचं जाणं-येणं जेमतेम. आमची दोस्ती म्हणजे ती चिमूट.

दात दुखतो म्हणून सिडकोतल्या एका दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी दात पाहिलाच नाही. खालचा ओठ बाहेर ओढला आणि आरसा माझ्या हातात दिला. मी बार ठेवतो बरोबर त्याच जागी पांढरा चट्टा, खरखरीत, जुन्या भिंतीवरच्या पोपड्यासारखा. पुसून निघत नव्हता. तोंड किती उघडतं ते पाहायला तीन बोटं उभी घालायला लावली, ती गेली. बाई म्हणाल्या, हे बरं आहे, पण चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवू. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी दुप्पट तंबाखू खाल्ली, कारण काळजी वाटली की मी तेच करतो. रिपोर्ट बरा आला. कॅन्सर नाही, पण जागा खराब होते आहे, तंबाखू बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायला या.

मग त्यांनी विचारलं, “तंबाखूला चुना कशाला लावता, माहीत आहे?”

“लागायला.”

“अगदी बरोबर. का लागते पण?”

ते काही मला येईना. त्यांनी सांगितलं ते असं. चुना अल्कली असतो. त्याच्या संगतीत तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या मऊ कातडीतून झटकन रक्तात उतरतं. चुना नसेल तर तेवढं उतरत नाही, आणि तोच चुना कातडीही सोलतो. निकोटिनच्या च्युइंगममध्येही याच कामासाठी सोड्याच्या जातीचं काहीतरी घातलेलं असतं. म्हणजे बावीस वर्षं मी अंगठ्यानं जे करत होतो ते कारखान्यात करून पट्टीत भरलंय. हे ऐकल्यावर मला त्या वस्तूबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मी विचारलं, मग त्यातही निकोटिनच असेल तर फरक काय? हा प्रश्न मला नंतर स्टँडवर निदान पन्नास जणांनी विचारला, म्हणून उत्तर इथेच देतो. सवय लावतं ते निकोटिन. कॅन्सरचं मुख्य काम करतात ती तंबाखूच्या पानातली दुसरी द्रव्यं, त्यांना नायट्रोसामाइन म्हणतात. ‘शुद्ध’ तंबाखूतही ती असतातच. गममध्ये पान नाही, नुसतं मोजून घातलेलं निकोटिन, आणि तेही सावकाश सुटणारं. सवयीला थोडं थोडं देत राहायचं आणि हळूहळू हात आखडता घ्यायचा, असा हा व्यवहार.

गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. कोणतं घ्यायचं यासाठी बाईंनी एकच विचारलं, उठल्यापासून पहिली तंबाखू किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ चं. मी म्हटलं, अंथरुणातच. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. २ चं मला नंतर चिठ्ठीशिवाय मिळालं, ४ ला मात्र दुकानदारानं चिठ्ठी मागितली.

इथे एक तक्रार. ज्या मेडिकलमधून पहिली पट्टी घेतली (दुकानाचं नाव राहू द्या) तिथल्या पोरानं सांगितलं, “काही नाही काका, साधं च्युइंगम असतं तसं चघळायचं.” मीही तसंच चघळलं. दिंडोरी सुटल्यावर तोंडात टाकलं आणि कचाकचा चावत तिकिटं फाडायला लागलो. पाच मिनिटांत घसा जळायला लागला, पोटात ढवळलं आणि उचक्या सुरू झाल्या. साध्यासुध्या नाही. मशीनवर ‘वणी दोन फुल’ दाबताना बोट उडून तीन फुल निघालं. पुढच्या सीटवरची आजी म्हणाली, “मास्तर, कोणीतरी आठवण काढतंय.” मागून एक पोरगं म्हणालं, उधारीवाला असेल. वणीपर्यंत सगळी गाडी माझ्या आठवणी काढणाऱ्यांची यादी करत होती.

बरोबर रीत अशी, आणि ती वेष्टनातल्या कागदावर बारीक अक्षरात असते: सावकाश चावायचं. जिभेला मिरमिरलं, तिखटसर लागलं की थांबायचं आणि गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये लावून ठेवायचं. मिरमिर गेली की पुन्हा थोडं चावायचं, पुन्हा बाजूला, पण जागा बदलून. एक गम अर्धा तास पुरतं. लाळ गिळत राहिलात तर निकोटिन पोटात जातं. तिथे उपयोग नाही आणि उचक्या फुकट. तंबाखू खाणाऱ्याला खरं तर हे सोपं जायला हवं. बार लावून स्वस्थ बसायची आपल्याला सवय आहेच, फक्त जागा ओठाआडून गालाआड गेली.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्याला अवघड गेली. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही, त्यातही चहा, कॉफी, लिंबू, थंड पेयं मुळीच नाही. ती आंबट जातीची, सोड्याचं काम उलटवून टाकतात आणि निकोटिन उतरतच नाही. आणि आमच्या स्टँडवर चहाशिवाय तंबाखू नाही, तंबाखूशिवाय चहा नाही. मी पहिले तीन आठवडे चहाच सोडला. लोक म्हणाले हे जास्तच झालं, पण तलफेची अर्धी ठिकाणं त्यानं आपोआप बंद झाली. मिसळीचं तसंच. मिसळ, वर लिंबू, पापड, ताक आणि मग हात धुऊन तंबाखू, हा आमचा रविवारचा क्रम. मिसळ सोडणं नाशिककराला शोभत नाही. मी फक्त खाऊन उठल्यावर चुळा भरून घड्याळ लावायला लागलो. पंधरा मिनिटं झाली की गम.

पहिले सहा आठवडे तास-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी, असं बारा आठवड्यांचं वेळापत्रक असतं. मी ते गाडीच्या टप्प्यांवर बसवलं. नाशिकच्या सीबीएस स्टँडला एक, दिंडोरीनंतर एक, वणीनंतर एक, कळवणला उतरून एक. मग दिंडोरीचं काढलं, मग वणीचं. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेची गर्दी होती तेव्हा वणीचं परत घालावं लागलं. त्याची लाज वाटून घेतली नाही.

चवीबद्दल: पुदिन्याचं सगळ्यात बरं. फळाच्या चवीचं पोरांच्या गोळीसारखं, घरात लहान मूल असेल तर आणूच नका, मुलांसाठी ते विष आहे. पानाच्या चवीचं मी एकदाच घेतलं. तोंडात टाकल्याबरोबर पानटपरी आठवली. ज्याला मावा सोडायचाय त्याला मावा-चवीची वस्तू देणारा माणूस कधी तलफेत सापडला नसावा. जबडा पहिल्या आठवड्यात दुखतो. कवळी असेल तर चिकटतं. हृदयाचा त्रास झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. किंमत तंबाखूपेक्षा जास्त, दहाच्या पट्टीला मला शंभराच्या आतबाहेर पडले. दुकानातून बाहेर पडताना दुखतं, हे खोटं कशाला बोला.

कोणी सांगत नाही असं एक सांगतो. सकाळी तंबाखू लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही भीती निम्म्या लोकांना सोडू देत नाही. ती भीती खोटी नाही. निकोटिन आतड्यांना ढोसतं, ते थांबलं की आतडी रुसतात. मला दहा दिवस त्रास झाला. रात्री इसबगोल, सकाळी दोन तांबे कोमट पाणी आणि डेपोपर्यंत पायी. त्या चालण्याला व्यायाम म्हणायचं तर म्हणा, मी तर पोटासाठी चालत होतो.

राग मात्र फार यायचा. तिसऱ्या दिवशी सुट्ट्या पैशांवरून एका म्हाताऱ्या बाबांवर ओरडलो, ते अजून मनात आहे. नंतर कळलं, पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात वाईट असतात. हिला आधी सांगून ठेवायला हवं होतं. तिला वाटलं, बाहेर काही भानगड आहे.

आता तो दिवस.

पाचव्या आठवड्यात मामा वारले. दहाव्याला रामकुंडावर गेलो. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. नदीकाठी ऊन, बायका एका बाजूला, पुरुष पायऱ्यांवर उकिडवे. अशा वेळी पुरुषांना काहीच काम नसतं. चौघांनी डब्या काढल्या. कोणी बोलत नव्हतं, नुसता मळण्याचा आवाज. तो इतका हलका असतो की मला वाटायचं तो फक्त मळणाऱ्यालाच ऐकू येतो. शेजारच्या मावसभावानं थाप मारली आणि सवयीनं तळहात माझ्यापुढे केला. माझा हात पुढे गेला. मी विचार केला, लढलो, हरलो असं काही झालं नाही. हातानं घेतली, हातानं लावली. खिशात गमची पट्टी होती.

दोन मिनिटांत डोकं गरगरलं, घाम फुटला. तिकडे कोणीतरी म्हणालं, “मामा, पोरीची काळजी करू नका, आम्ही आहोत,” आणि कावळा आला. लोक उठले. मी नळाकडे जाऊन तोंड धूत होतो.

दुसऱ्या दिवशी वणीच्या स्टँडवरून १८००-११-२३५६ ला फोन केला. हा नंबर शोधावा लागत नाही, तंबाखूच्या पुडीवरच असतो, त्या भयंकर फोटोच्या खाली. वर्षानुवर्षं मी पुडी बरोबर त्या नंबरावरच फाडत होतो. सरकारी सेवा आहे, दिल्लीत २०१६ ला सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियललाही तिचं केंद्र झालं. फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं. मला वाटलं, आता भाषण होणार. फोनवरच्या बाईंनी भाषण केलं नाही. पाच आठवडे राहिलात, ते वाया गेलेले नाहीत म्हणाल्या, आणि मग पंचनाम्यासारखं विचारत गेल्या. कुठे होतात, किती वाजले होते, शेजारी कोण, त्याआधी काय करत होतात. मी म्हटलं, काहीच करत नव्हतो, हात रिकामे होते. त्या म्हणाल्या, हे लिहून ठेवा. पुढे ठरल्या दिवशी त्यांचाच फोन यायचा, कसं चाललंय विचारायला. माझी वाट पाहणारा फोन म्हणजे आजवर डेपोतूनच यायचा, तोही ड्युटी बदलली म्हणून. या सेवेला मी पाचपैकी पाच देतो.

‘हात रिकामे होते’ हे लिहिल्यावर मला या गमचा दोष नेमका कळला. ते तोंडाचं बघतं, हाताचं नाही. बावीस वर्षं दिवसातून पंधरा वेळा माझा अंगठा तळहातावर फिरत होता, त्याची तलफ कोणत्या पट्टीत मिळणार? आणि चिमूट देण्या-घेण्याची तलफ तर आणखी वेगळी.

मी जुनी डबी काढली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. त्यात भाजलेली बडीशेप, ओवा आणि जरा तीळ भरले. म्हसरूळनंतर पुढे जाऊन बसलो, तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, फुंकर मारून फोलपट उडवलं. थापही मारली. नानांनी रस्त्यावरची नजर न काढता हात लांब केला, चिमूट तोंडात टाकली आणि गाडी सरळ बाजूला घेऊन थांबवली.

“मास्तर, हे काय?”

“बडीशेप.”

पुढे जे ते बोलले ते इथे लिहिता येत नाही, गाडीत बायामाणसं होती तरी बोलले. दोन दिवस माझ्याशी अबोला. पण त्यांच्यासाठी तंबाखू मळायची नाही हे मी ठरवलंच होतं. ते जमलं नसतं तर बाकी सगळं फोल होतं. आता नाना स्वतःची स्वतः मळतात, गाडी उभी असेल तेव्हाच, म्हणजे वणीला आणि कळवणला. त्यांची कमी झाली का? झाली. सोडायची आहे का विचारलं तर म्हणतात, तुमच्यासारखं बाईमाणसासारखं बडीशेप चघळायला मला वेळ नाही. पण मधल्या रस्त्यात हात लांब करतात. मी देतो.

एवढं करूनही गमला पाचपैकी साडेतीन. एक किमतीचा कापला, अर्धा उचक्यांचा. नुसत्या गमच्या भरवशावर बसणाऱ्यानं अडीचच धरावे. चौदाव्या आठवड्यात माझं थांबलं, सांगितल्यापेक्षा दोन आठवडे उशिरा. शेवटच्या पट्टीतली चार अजून बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहेत, मुदत बाकी आहे. दहाव्या-बाराव्याला जायचं असलं की खिशात ठेवतो. चट्टा पहिल्यापेक्षा फिका झालाय, असं दाताच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. पूर्ण जाईल असं म्हणाल्या नाहीत. पुढची तारीख वीसची आहे.

डबी घरी आली की धाकटी आधी तिच्यावर झडप घालते. एका खणात बडीशेप, दुसऱ्यात खडीसाखर असते. बडीशेप ती चुन्याच्या खणात भरायला लावते. तंबाखूच्या खणाला अजून वास येतो म्हणते. मला तो येत नाही.